फ्रेडीची जागा रिकामीच ठेवा

'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीत शिकला हे कळलं की मराठी माणसाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग तिथं त्याचा पुतळा का नाही? प्रश्न प्रेमापोटी येतो, पण उत्तराची दिशा तिथंच चुकते. गाणाऱ्या माणसाची आठवण ठेवायची तर दगड-धातूपेक्षा मोकळं मैदान, चांगला आवाज आणि गाणारी गर्दी या तीन गोष्टींवर पैसा आणि डोकं खर्च करावं. त्यातही एक पथ्य पाळावं: मंचाच्या मध्यभागी त्याची जी जागा होती, ती कुणाला देऊ नये.

आधी नात्याचा हिशोब नीट करू. फारूख बुलसारा ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये एका पारशी घरात जन्मला. आठेक वर्षांचा असताना पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये वसतिगृहात आला. पियानो तिथंच शिकला, 'फ्रेडी' हे नाव तिथल्याच सवंगड्यांत पडलं आणि १९५८ मध्ये पाच शाळकरी पोरांचा 'द हेक्टिक्स' हा बँडही तिथंच उभा राहिला. १९६३ ला तो झांझिबारला परतला. १९६४ च्या उठावानंतर बुलसारा कुटुंबानं लंडनजवळचं फेल्टम गाठलं. पुढं जगभर नाव झालं, तरी पाचगणीबद्दल तो जवळपास बोललाच नाही. त्यामुळे 'आपल्या मातीतला हिरा' छापाची भाषणं नकोत. पाचगणीनं त्याला पियानो दिला, एवढं खरं आणि तेवढं पुरेसं आहे.

आता पुतळ्यांचं काय झालं ते बघा. २४ नोव्हेंबर १९९१ ला एड्समुळे वयाच्या ४५ व्या वर्षी तो गेला. आजार त्यानं जाहीर केला तो आदल्याच दिवशी. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केला, दहन झालं, आणि रक्षा कुठं ठेवली हे जाहीर झालं नाही. म्हणजे चाहत्यांना फूल वाहायला थडगंसुद्धा नाही. झेक शिल्पकार इरेना सेडलेका यांनी केलेला पुतळा शेवटी स्वित्झर्लंडमध्ये, माँत्रोच्या तळ्याकाठी, नोव्हेंबर १९९६ मध्ये उभा राहिला. लंडनच्या डोमिनियन थिएटरच्या दारावर २००२ पासून एक अवाढव्य फ्रेडी हात उंचावून उभा होता. २०१४ ला क्वीनच्या गाण्यांवरचं तिथलं नाटक बंद झालं आणि तो पुतळा क्वीनचा ड्रमर रॉजर टेलर याच्या घरच्या बागेत गेला. (आपल्याकडे पुतळा हलवला की मोर्चा निघतो, तिथं ड्रमरच्या झाडांना राखणदार मिळाला.) केन्सिंग्टनमधल्या फ्रेडीच्या घराच्या भिंतीवर चाहते वर्षानुवर्षं लिहीत होते, तेही साफ झालं. २०२३ मध्ये त्याच्या वस्तूंचा लिलाव झाला, चौदाशेच्या वर नग. पियानो १७ लाख पौंडांच्या पुढं गेला. घेणाऱ्यांना मिळाला, चाहत्यांना त्याचा फोटो. झांझिबारमध्ये तर २००६ ला त्याच्या साठाव्या वाढदिवसाची समुद्रकाठची मेजवानी धार्मिक संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. भिंत, वस्तू, जन्मगाव. प्रत्येकावर कुणाची ना कुणाची मालकी निघते.

खरं तर गवयाची आठवण कशी ठेवावी हे आपल्याला नव्यानं शिकायला नको. सवाई गंधर्व १९५२ ला गेले. भीमसेन जोशींनी १९५३ पासून पुण्यात गुरूंच्या नावानं संगीताचा उत्सव सुरू केला. लोक मैदानात, मांडवाखाली, शाल गुंडाळून बसतात आणि गाणं ऐकतात. स्मारक ते हेच, बाकी फोटोला हार. इतक्या वर्षांत किती पिढ्यांनी सवाई गंधर्वांचा स्वतःचा आवाज न ऐकताच त्यांना नमस्कार केला असेल! रॉकच्या चाहत्यांनी इतकंच उचलायचं आहे.

फरक एका बाबतीत आहे, आणि तो मोठा आहे. सवाईत श्रोता गप्प बसून ऐकतो, दाद देतो. फ्रेडीच्या मैफलीत श्रोता गातो. किंबहुना त्याच्या गाण्यातला काही भाग हजारो लोक असल्याशिवाय पुराच होत नाही. याला भावना कारण नाही, आवाजाचा वेग कारण आहे.

हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. मंचापासून १२० मीटर मागं उभ्या असलेल्या माणसाला ठोका ०.३५ सेकंद उशिरा ऐकू येतो. त्यानं त्यावर बरोबर टाळी दिली तरी ती मंचावर पोचायला आणखी ०.३५ सेकंद. म्हणजे गाणाऱ्याला मागच्या लोकांची टाळी ०.७ सेकंद मागाहून ऐकू येते. जलद लयीच्या गाण्यात याचा चिखल होतो. पुढचे एका मात्रेवर, मागचे भलत्याच, आणि मधले कुणाचं ऐकावं या गोंधळात. आपल्या गणपतीच्या मिरवणुकीत दोन पथकांमध्ये सापडलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आता क्वीनच्या 'वी विल रॉक यू'चा ठेका घ्या. दोन वेळा पाय, एक टाळी, मग मोकळी जागा. लय मिनिटाला ८१ मात्रांच्या आसपास, म्हणजे एक मात्रा ०.७४ सेकंदाची. टाळी पडल्यापासून पुढचा पाय पडेपर्यंत तेवढाच अवकाश. १२० मीटर मागची टाळी ०.७ सेकंदांनी येते, ती या मोकळ्या जागेत जेमतेम मावते. पुढच्या ठोक्यावर ती आदळत नाही. हे गाणं क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे यानं १९७७ मध्ये रचलं ते प्रेक्षकांना मैफलीत हिस्सा देण्यासाठीच. ध्वनिमुद्रणात मोजक्या माणसांनी फळ्यांवर पाय आपटले, आणि मेनं त्याच आवाजाच्या मागंपुढं सरकवलेल्या नकला एकावर एक चढवल्या. नकलांमधली अंतरं त्यानं अविभाज्य संख्यांवर बेतली, म्हणजे ठरावीक प्रतिध्वनी ऐकू न येता मोठी गर्दी असल्याचा भास होईल. पुढं खगोलभौतिकीत डॉक्टरेट घेणाऱ्या माणसाला हे सुचावं यात नवल नाही.

प्रेक्षकांकडून सूर परत म्हणवून घेण्याचा फ्रेडीचा स्वतःचा खेळ, 'ए-ओ', तर त्याहून साधा आणि हुशार. त्याला ताल नाहीच. तो एक ओळ सोडतो आणि थांबतो. मैदानाच्या टोकापर्यंत ती जाते, परत येते, विरते. मग तो पुढची सोडतो. १३ जुलै १९८५ च्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीचं चित्रण आहे, ते बघताना त्याच्या गळ्यापेक्षा त्याच्या थांबण्याकडे लक्ष द्या. लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये ७२,००० माणसं, संध्याकाळचे पावणेसात, पण तिथल्या उन्हाळ्यामुळे लख्ख उजेड. दिव्यांची करामत नाही, धूर नाही, स्वतःचे चाहतेही मोजकेच, कारण तिकिटं निघाली तेव्हा क्वीनचं नाव जाहीर नव्हतं. मिळाली जेमतेम २१ मिनिटं. त्या उजेडाचा मात्र फायदा झाला. 'रेडिओ गागा' या गाण्याला हात वर गेले तेव्हा प्रत्येकाला दुसऱ्याचे हात दिसत होते. कान उशिरा सांगतो ते डोळा आधी सांगतो, आणि गर्दी सावरते.

म्हणूनच त्याच्या स्मरणाची खरी सुरुवात २० एप्रिल १९९२ ला, त्याच वेम्बलीत झाली असं मानायला हवं. क्वीनबरोबर आणखी कोण गाणार हे जाहीर होण्याआधीच सगळी तिकिटं काही तासांत संपली. पुढं एल्टन जॉन, डेव्हिड बोवी, अ‍ॅनी लेनक्स, जॉर्ज मायकेल, अ‍ॅक्सल रोज, रॉबर्ट प्लांट अशी रांग लागली. जॉर्ज मायकेलचं गाणं आजही लोक काढून ऐकतात. एलिझाबेथ टेलर एड्सबद्दल बोलायला उभी राहिली. त्या कार्यक्रमातून एड्सविरोधी कामासाठी मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट उभा राहिला. इतके दिग्गज आले, पण त्याच्या जागी कायमचं कुणीच उभं राहिलं नाही. प्रत्येक गाण्याला माणूस बदलत गेला. त्या संध्याकाळचं मोठेपण या बदलण्यात होतं.

रिकाम्या मंचाची सवय तर क्वीननं तो जिवंत असतानाच लावली होती. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा मधला ऑपेराचा भाग एकावर एक चढवलेल्या आवाजांचा. चौघांना तो मंचावर गाता येणं शक्य नव्हतं. म्हणून ते सरळ आत निघून जात आणि टेप वाजे. हजारो लोक रिकाम्या मंचाकडे बघत उरलेलं स्वतः गात. १ जुलै २०१७ ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये ग्रीन डे या बँडच्या कार्यक्रमाआधी स्पीकरवर नुसतं हे गाणं लागलं आणि ६५,००० लोकांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत गायलं. मंचावर कुणीही नव्हतं. फ्रेडीचं याहून चांगलं स्मारक कुठल्याही नगरपालिकेला बांधता येणार नाही.

इथं तंत्रज्ञानाचा मोह आडवा येतो. गेलेल्या गायकाची प्रकाशाची आकृती मंचावर नाचवायची, संगणकाकडून त्याच्या आवाजात नवं काही म्हणवून घ्यायचं, हे आता अवघड राहिलेलं नाही. यातला एक प्रकार चालण्यासारखा आहे, दुसरा नाही. १२ ऑगस्ट २०१२ ला लंडन ऑलिंपिकच्या समारोपात पडद्यावर जुना फ्रेडी आला, त्यानं 'ए-ओ' सोडलं आणि स्टेडियमनं उत्तर दिलं. ते चित्रण खरं होतं, त्यातलं थांबणं त्याचं होतं, आणि पडदा हा पडदाच आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण जे तो कधी बोललाच नाही ते त्याच्या तोंडी घालणं म्हणजे मेलेल्या माणसाला कठपुतळी करणं. शिवाय आकृतीला मागच्या टाळीची वाट बघता येत नाही. ती आपल्या फायलीच्या लयीत पुढं जात राहते. ज्या कलेचा प्राण थांबण्यात होता, ती अशी न थांबणाऱ्या यंत्राला दिली की उरतं काय?

तर महाराष्ट्रात हे करायचं कसं? पाचगणीत शाळेच्या आसपास एक साधी पाटी लावा आणि तिथल्या मुलांसाठी एक चांगला पियानो ठेवा, दरवर्षी स्वर लावून घेण्याच्या खर्चासकट. डोंगरावरच्या दमट हवेत न जपलेला पियानो दोन पावसाळ्यांत बेसूर होतो, म्हणून तो 'सकट' महत्त्वाचा. मैफल मात्र पाचगणीत नको. महाबळेश्वर-पाचगणी हा २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झालेला भाग. टेबललँडवर दहा हजार माणसं नाचवणं हा गुन्हा ठरो न ठरो, गाढवपणा नक्की. त्यात गावभर शाळा, आणि शाळेभोवतीचे किमान १०० मीटर सरकारला शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात. मैफल पुण्यात किंवा नवी मुंबईत, मोठ्या मैदानावर करावी.

तारीख? जयंती ५ सप्टेंबरची, म्हणजे ऐन पावसाळा आणि बहुतेकदा गणपतीचा काळ. पोलीस, मांडववाले, साऊंडवाले, कुणीच मोकळं नसतं. २४ नोव्हेंबर सगळ्या बाजूंनी सोयीची: पाऊस गेलेला, जमीन सुकलेली, हवा बरी. वेळ दुपारी चार ते सायंकाळी साडेसात. चार वाजता सुरू करण्यामागं दोन कारणं आहेत. एक वर आलंच आहे, लोकांना एकमेकांचे हात दिसले पाहिजेत. दुसरं कारण साऊंडवाल्यांना माहीत असतं, आयोजकांना नसतं. हिवाळ्यात सूर्य बुडाला की जमीन झपाट्यानं थंड होते, तिच्यालगतची हवा गार आणि वरची उबदार राहते. अशा हवेत आवाज वर निघून जाण्याऐवजी खाली वळतो आणि दूरच्या सोसायट्यांपर्यंत पोचतो. दुपारी जो आवाज कुणाच्या कानावर गेला नाही, तोच रात्री नऊला दीड किलोमीटरवरून तक्रार घेऊन येतो. साऊंडवाला शपथेवर सांगतो, बटण हलवलं नाही. तो खरं बोलत असतो.

आवाजाबद्दलची रहिवाशांची तक्रार झटकून टाकण्यासारखी नाही. २००० च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहानंतर ४५. बारापर्यंतची सूट वर्षातून फार तर १५ दिवस, आणि ते दिवस आपल्याकडे सणांनाच पुरत नाहीत. सवाईसारख्या रात्रभराच्या उत्सवालाही या नियमापुढं आपली घडी बदलावी लागली. रॉकवाल्यांना वेगळा न्याय मागता येणार नाही. पण इथं हिशोब करून बघा. मंचावरच्या स्पीकरच्या दोन मोठ्या थप्प्यांनी पूर्ण मैदान भरायचं ठरवलं, तर ३० मीटरवर १०० डेसिबल लागतात. अंतर दुप्पट झालं की ढोबळमानानं ६ डेसिबल कमी होतात. म्हणजे ६० मीटरवर ९४, १२० वर ८८, २४० वर ८२, आणि अर्ध्या किलोमीटरवरच्या खिडकीत ७६ च्या आसपास. त्याऐवजी मंचावरचा आवाज कमी ठेवून साधारण ४५ मीटरवर स्पीकरचे दोन-तीन बुटके टॉवर उभारले, त्यांची तोंडं खाली प्रेक्षकांकडे झुकवली, तर मागच्या माणसाला स्पष्ट ऐकू येतं आणि कुंपणाबाहेर कमी जातं. टॉवरचा आवाज मुद्दाम उशिरा सोडावा लागतो: ४५ मीटरला १३० मिलिसेकंद, वर आणखी दहा-बारा, म्हणजे कानाला आवाज मंचाकडूनच आल्यासारखा वाटतो. हा आकडा दुपारी एकदा बसवून विसरून चालत नाही. तापमान ३० वरून १८ अंशांवर आलं की आवाजाचा वेग घटतो. १०० मीटरवर सहा मिलिसेकंदांचा फरक पडतो. सूर्यास्तानंतर एकदा तपासावंच. धमधम करणाऱ्या सब-स्पीकरचं दुखणं वेगळं. खालचा आवाज चहूकडे पसरतो, भिंती ओलांडतो. तीन सबच्या संचातला एक उलट्या तोंडानं ठेवून त्याचा आवाज उलटा आणि योग्य तितका उशिरा सोडला, तर मंचामागं जाणारी धमधम बरीच कमी होते. भाड्याचा खर्च वाढत नाही, फक्त ते करता येणारा माणूस लागतो.

गर्दीचं गणित तर याहून कडक हवं. ९ ऑगस्ट १९८६ ला नेबवर्थमध्ये फ्रेडीची क्वीनबरोबरची शेवटची मैफल झाली. लाखाच्या वर माणसं होती. त्या गर्दीत चाकूच्या हल्ल्यात एका तरुणाचा जीव गेला, दाटीतून मदत त्याच्यापर्यंत पोचू शकली नाही. आठवणीच्या गप्पांत हे कुणी काढत नाही, काढायला हवं. दहा हजार माणसं धरली, तर चौरस मीटरला दोन या हिशोबानं प्रेक्षकांसाठी ५,००० चौरस मीटर, म्हणजे ६० बाय ८५ मीटरचा तुकडा लागतो. चौरस मीटरला चारच्या पुढं गेलं की माणूस स्वतःच्या मर्जीनं हलेनासा होतो. पाच-सहाला गर्दी पाण्यासारखी हिंदकळते. मंचापुढं दाटी होणारच, म्हणून बांबूचा कठडा नको. पायाशी पत्र्याची पाटी असलेला लोखंडी कठडा लावावा. त्या पाटीवर लोकांचंच वजन पडतं आणि तो ढकलून पडत नाही. मैदानाच्या मधून उभी दोन मीटरची गल्ली मोकळी ठेवावी, स्ट्रेचर जाईल एवढी. पाहुणे आणि कॅमेरेवाले पहिल्या अर्ध्या तासात हीच गल्ली बळकावतात.

बाहेर पडायचं गणित असं: सपाट जमिनीवर एक मीटर रुंद वाटेतून मिनिटाला सुमारे ८२ माणसं निघतात. दहा हजार लोक साधारण आठ मिनिटांत बाहेर काढायचे तर १५ मीटर रुंदी हवी. तीन मीटरची सहा फाटकं ठेवा, म्हणजे एक बंद पडलं तरी १५ उरतात. आणि फाटकाच्या रुंदीत भेळवाला, टी-शर्टचा स्टॉल, उभी केलेली बाइक मोजायची नसते. कागदावर सहा फाटकं आणि जागेवर अडीच, हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव.

पाण्यासाठी १०,००० लिटरचा एक टँकर पुरतो. कमी पडतात नळ. एका माणसाला १५ सेकंद धरले तर एक नळ तासाला २४० जणांना पुरतो, तेव्हा वीस तरी हवेत. बायकांच्या स्वच्छतागृहांचं प्रमाण शंभरी एक. पन्नास लागत असताना बारा ठेवायची आणि मग 'रॉकला बायका कमी येतात' असं म्हणायचं, हे बंद झालं पाहिजे.

राहिली गाण्याची पट्टी. फ्रेडीचे वरचे सूर दहा हजार लोकांना झेपत नाहीत. चालू मैफलीत तो स्वतःही पुष्कळदा ते टाळून खालून घेत असे. साथीच्या बँडनं पट्टी एक-दोन स्वरांनी उतरवून घ्यावी आणि लाजू नये. मूळ पट्टीचा हट्ट धरला की कळसाच्या ओळीला गर्दी गप्प होते आणि मंचावरचा एकटा किंचाळत राहतो. गायक एक नको, गाण्यागणिक वेगळा हवा. खोट्या मिशा आणि पिवळं जॅकेट घालून येणाऱ्याला प्रेक्षकांत मानानं जागा द्यावी, मंचावर नाही. 'ए-ओ'च्या वेळी पडद्यावर जुनं चित्रण, मंच रिकामा. आणि मिक्सरवरच्या माणसाला एकच ताकीद: त्या थांब्यात मागून संगीत भरू नकोस.

शेवट कसा करायचा हेही क्वीनकडून घेण्यासारखं आहे. त्यांची मैफल संपली की ब्रायन मेनं गिटारवर बांधलेलं ब्रिटिश राष्ट्रगीत टेपवर लागे, आणि आता आणखी गाणं मिळणार नाही हे न सांगता सगळ्यांना कळे. आपल्या कानांना ही खूण नवी नाही. भैरवी झाली की माणूस चपला शोधायला उठतो. ती शेवटची धून लागताक्षणी मैदानातले सगळे दिवे पूर्ण लावायचे, सहाही फाटकं आधीच उघडलेली असायची, आणि आवाज निम्म्यावर आणायचा, म्हणजे स्वयंसेवकांच्या सूचना ऐकू येतील.